पिराची चोटी

“हेडसर, तुम्ही चोर हाव. पोराच्या डोक्यावर पिराची अमानत होती. ती तुम्ही भर प्रार्थनेत चोरली.”

अलीमनं हे रिकाम्या खुर्चीला सुनावलं आणि वस्तऱ्यात नवं ब्लेड भरलं. सतरा सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदनाआधी हेडसर दाढीला येणार, हे दरसालचं ठरलेलं.

बाकड्यावर नववीतला माऊली टोपी कानापर्यंत ओढून बसला होता. शेजारी त्याची आई दैवशाला.

“अलीमभाऊ, तेवढं बराबर करून द्या की,” ती म्हणाली. “शाळेचं नाव काढलं की तोंड फिरवतो. धड जेवत न्हाई.”

“मामा, मीच का?” माऊलीनं विचारलं. चार दिवस तो हेच विचारत होता.

“आधी एक गिऱ्हाईक येऊ दे,” अलीम म्हणाला. “मंग तुझं.”

दैवशालाची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. माऊली पोटात असताना ती पिराला बोलली होती, हे जगलं तर पंधराव्या वर्षी उरुसात ह्याची चोटी तुझ्या दारी उतरवीन. जावळ काढताना अलीमच्या बापानं ती चोटी राखली. उतरवायची अलीमनं, असा शब्द होता. उरूस तोंडावर आला आणि हेडसरांनी पोराला रांगेतून ओढून ऑफिसातल्या कात्रीनं चोटी कापली. वर शिस्त म्हणून डोक्याची एक बाजू भादरली, दुसरी तशीच ठेवली आणि सुट्टी होईस्तोवर व्हरांड्यात उभं केलं. चोटी कचऱ्यासोबत जळाली. सगळ्यात मोठ्यानं शाळेच्या चेअरमनचा नातू हसला. त्याच्या केसांत लाल पट्टे होते. ते अलीमनंच मारले होते, आंधळ्यालाही दिसतील असे.

दैवशाला शाळेत गेली, तर “दर्ग्याची भानगड इथं आणायची नाही” एवढं ऐकून परतली. अलीम गेला, तर त्याला सांगितलं, “तू आपल्या दाढ्या कर.”

आज तो दाढ्याच करणार होता.

हेडसर आले. बाकड्याकडं न बघता खुर्चीत टेकले. “जल्दी आटप रे अलीम. मिशीला जरा आकार दे. पाहुणे आहेत आज.”

“देतो की.”

मानेला कापड बांधलं, फेस चढवला. सवयीप्रमाणे हेडसरांनी डोळे मिटले. ह्या खुर्चीत त्यांना डुलकी लागते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. एक गाल झाला, दुसरा झाला. मग दोन हलक्या हातांत डावीकडची मिशी मुळापासून गेली.

अलीमनं वस्तरा मिटला आणि निवांत हात धुतले. रस्त्यावर प्रभातफेरीचा ढोल जवळ येत होता.

“झालं सर.”

हेडसरांनी डोळे उघडले. बोट ओठावर गेलं, तिथंच राहिलं. “ही काय मस्ती आहे? दुसरी बाजू काढ आधी.”

“न्हाई. शिस्त हाय. सुट्टी होईस्तोवर असंच ऱ्हायचं.”

“पोलिसात देईन तुला.”

“द्या की. पण तिथंबी हीच मिशी घेऊन जावं लागंल.”

दैवशालानं पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच.

“पिराच्या दारी ठेवायला ह्या बाईकडं काही राह्यलं न्हाई,” अलीम म्हणाला. “तुमची ही अर्धी ठेवू का?” मग तो बाकड्याकडं वळला. “माऊली, टोपी काढ. हिकडं ये. चार दिवस मला इचारून राह्यला, आता ह्यांला इचार.”

पोरगं उठलं. त्यानं टोपी काढली. अर्धं डोकं आणि अर्धी मिशी एकाच आरशात आली. ढोल दुकानासमोर येऊन थांबला. झेंडे धरलेली पोरं आत डोकावू लागली.

“सर,” माऊली म्हणाला. “माही चोटी कुणाला इचारून कापली?”

हेडसरांनी गळ्यातलं कापड तोंडावर ओढलं.

माऊलीनं ते हळूच खाली केलं. “अन् चेअरमनच्या नातवाचे लाल केस का न्हाई कापले? सांगा ना सर.”