बाईची किडनी

कोणी घरी आलं की मी फाटकावरूनच विचारतो, "सर्दी-खोकला त नाई ना?" आता कोणी येतच नाई. बायको गेली, पोरगा स्वप्निल पुण्याले. अमरावतीच्या या घरात मी अन् माह्या पोटातली माह्या बहिणीची किडनी, असे दोघंच रायतो.

बहीण म्हणजे सुंदराबाई, अकोल्याची. मी तिले नुसतं बाई म्हणतो. माय मेली तवा मी चार वर्साचा, ती नऊ. तिनंच मले वाढवलं. चार वर्सांआंधी माह्या दोन्ही किडन्या बसल्या, त म्हणे, "माही घे." तिचं वय सासष्ट, माहं एकसष्ट. मी म्हटलं, "बाई, या वयात हे काय काढलं?" म्हणे, "चूप बस. मले का आता लगन करायचं हाये?"

किडनी टिकली. डॉक्टरनं मले समजावून सांगतलं. अंगात पहारा देणाऱ्या पेशी असतात, बाहेरचं काई आत आलं की त्याच्यावर तुटून पडतात. वय झालं की त्या थकतात, म्हणून म्हातारं शरीर परक्या किडनीशी कमी भांडते. पण रोग आला तरी त्या तशाच पेंगतात, अन् वरून किडनी टिकवायच्या आपल्या गोळ्या त्यायले आणखी निजवतात. मले लगेच पटलं. मी गोदामावर छत्तीस वर्सं चौकीदार होतो. शेवटच्या दोन वर्सांत आत कोण आलं अन् कोण गेलं, मले पत्ता नसे.

यंदा संक्रांतीनंतर बाईची सून प्रियदर्शनीचा फोन आला. "मामाजी, त्यायले टीबी निघाला. लय उशिरा सापडला. तुमचंच नाव घेऊन राहिल्या." डॉक्टरले विचारलं, त म्हणाले, "बिलकुल जाऊ नका." मी एकावर एक दोन मास्क लावले अन् सकाळची बस धरली. जिनं अंगातलं काढून देलं, तिचं तोंडही पाहू नये का? मरण आलं त येवो.

अकोल्याले दारात पाय ठेवला, त आतून खोकत बाईनं विचारलं, "कोण हाये?"

"मी, देवमन."

"पिरियदर्शनी, कडी लाव!"

सुनेनं माह्या तोंडावर दार लावलं. बिचारी रडत होती.

"बाई, एकडाव तोंड पाहू दे."

"काहून आला बे? अक्कल गेली का चरायले? इथं येऊन माही किडनी मारतं का?"

मले राग आला. "मी का लहान हावो?" म्हणून ओरडलो.

"लहानच हायेस."

ओट्यावर बसून मी हमसून हमसून रडलो. आजूबाजूचे पाहत होते, पाहू द्या. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "देव्या, लघवी होते ना नीट?"

"होते."

"पाणी पेतं?"

"पेतो."

"मंग झालं. जाय घरी."

दुपारच्या बसनं वापस आलो. त्यानंतर तेराव्या दिवशी बाई गेली. प्रियदर्शनी फोनवर म्हणाली, "मामाजी, येऊ नका. तुमाले येऊ देऊ नका, हेच त्यायचं शेवटचं बोलणं होतं." मी गेलो नाई.

आता भाऊबंद म्हणतात, बहिणीच्या मातीलेही आला नाई, कसा दगड माणूस हाये. कोणाकोणाले समजावू? सकाळी उठतो, तांब्याभर पाणी पेतो, पोटावर उजवीकडं हात ठेवून बसतो. बाप्पा हो, बाईची माती अजून पुरी कुठं झाली? राहिलेली माह्यासंगं होईन.