चौथा की आठवा

आमच्या व्हिडिओ गेमच्या मालिकेचे दोनच भाग खेळायचे राहिले होते, चौथा आणि आठवा. चौथ्याची डिस्क शाळेत असताना जुनी विकत घेतली होती. तिच्यावर ओरखडा होता आणि खेळ पहिल्याच गावात अडकून बसायचा. आठवा आला तेव्हा मला सानवी झाली होती. "तू मोकळी झालीस की लावू," निहार म्हणाला होता. निहार माझा धाकटा भाऊ. मी काही अजून मोकळी झाले नाही. सानवी दीड वर्षाची आहे, दुपारी झोपली तर दीड तास झोपते.

प्रत्येक भागात नवं राज्य, नवी माणसं. आपण एक प्रवासी व्हायचं आणि गावोगाव हिंडायचं, लढायचं, लोकांची कामं करून द्यायची. बाबा त्याला 'तुमचं ते राजा-राजा' म्हणायचे. लढायचं काम निहारचं. मी शेजारी बसून कुठे वळायचं ते सांगायची, आणि शेवटची मोठी लढाई आली की स्वयंपाकघरात पळायची. काय झालं ते तो मागून येऊन सांगायचा. अठरा वर्षं हे असंच चाललं.

जूनमध्ये डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, दोन महिने, फार तर तीन. निहारला कळू द्यायचं नाही असं आईने ठरवलं. "नव्या गोळ्यांनी बरं वाटेल, जरा धीर धर," हे तिने त्याला इतक्या सहज सांगितलं की क्षणभर मलाच खरं वाटलं. मीही मान हलवली.

तेव्हापासून आठवड्यातून तीन दुपारी मी सानवीला घेऊन फतेगंजला, आईकडे जाते. त्या बुधवारी आई खंडेराव मार्केटला पपई आणायला गेली होती. सानवीला गादीवर झोपवून मी निहारच्या पलंगावर बसले.

"हं, बोल," तो म्हणाला. "चौथा की आठवा? चौथाही आता नव्याने आलाय, ओरखड्याशिवाय."

"चौथा." रिक्षात बसून मी हेच घोकत आले होते. "जुना आहे, गोड आहे. आठवा रटाळ आहे म्हणे."

"कोण म्हणे?"

"लोक."

"कुठले लोक, ताई? सहाव्यात तू मला आठवडाभर नुसते मासे पकडायला लावलेस. दुकानदाराशी तीन-तीनदा बोलायला लावतेस, तो काही वेगळं बोलेल म्हणून. आणि तुला रटाळ वाटणार?"

"तेव्हा वेळ होता." बोलून गेले आणि घाईने पुढे म्हटलं, "सानवीमुळे म्हणते रे."

"चौथा किती तासांचा आहे?"

"अठरा."

"आणि आठवा?"

"नव्वद."

दोन्ही आकडे मला तोंडपाठ होते. तिथेच चुकलं. एखादा खेळ किती तासांचा आहे हे मी जन्मात कधी बघितलं नव्हतं.

निहारचं गणित पहिल्यापासून चांगलं. "तीन दुपारी, दीड-दीड तास," तो म्हणाला. "अठरा म्हणजे चार आठवडे. नव्वद म्हणजे वीस." मग हळूच, "वीस नाहीत ना?"

मी रिपोर्टबद्दल, गोळ्यांबद्दल, वजनाबद्दल काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. मी सानवीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, ते सारखंच होतं.

"रडू नको, ती उठेल," तो म्हणाला. "आणि मला कळलंय हे आईला सांगू नकोस. बिचारी किती छान खोटं बोलते. तुला कधी जमलंच नाही."

"चुकलं माझं."

"बस झालं ने आता. आठवा लाव."

"निहार, तो संपायचा नाही."

"नाही संपणार. शेवट तू कधी बघितलास? दर वेळी आत पळतेस. या वेळी पळावं लागणार नाही." तो हसला, मग खोकला आला, मग पाणी प्यायला. "आणि तू खेळ. माझी बोटं सुजलीत."

"मला लढता येत नाही."

"मग मर. परत उठतो ना माणूस तिथे."

मी आठवा लावला. सुरुवातीला नदीतून एक नाव येते, बराच वेळ नुसती येत राहते. ते टाळून पुढे जायला मी बटणाकडे बोट नेलं तर त्याने माझा हात धरला. हात गरम होता. नाव काठाला लागेपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

गावात शिरल्याबरोबर एक म्हातारी भेटली. तिच्या पाच कोंबड्या हरवल्या होत्या. पुढे वेस दिसत होती, वेशीबाहेर मोठा रस्ता. कोंबड्या नाही शोधल्या तरी चालतं, हे मी वाचलं होतं.

"सगळ्या शोध," निहार म्हणाला. मग गुजरातीत, "शांतीथी," म्हणजे निवांत. "घाई नाही."

एक विहिरीमागे होती, एक देवळाच्या छपरावर. तिसरीसाठी मी घराघरात शिरले, प्रत्येकाशी बोलले, दुकानदाराशी तीनदा. "डावीकडे, ताई," तो सांगत होता, "गवताच्या गंजीमागे बघ." सानवी उठली तेव्हा चार सापडल्या होत्या. त्या दुपारी आम्ही गावाबाहेर पडलोच नाही.