वारस म्हणून क्लेगबॉटम

ग्लेंडा अक्रॉइडने स्लेथॉर्पच्या मासे-चिप्सच्या दुकानाला वारस म्हणून क्लेगबॉटमचं नाव लावलं, हे कळलं तेव्हा निम्मं गाव तिच्याशी बोलेनासं झालं आणि उरलेलं निम्मं जरा जास्तच बोलायला लागलं.

क्लेगबॉटम म्हणजे टेकडीपलीकडचं गाव. मधे माळ, मेंढ्या आणि हद्दीचा एक दगड. दगडाच्या अलीकडे यॉर्कशर, पलीकडे लँकशर, दोन्ही परगणे एकमेकांचे जुने वैरी, त्यामुळे विषयच संपला. अलीकडे हॅडक मासा चरबीत तळतात, पलीकडे कॉड तेलात तळतात, आणि पलीकडच्यांना जेवायचं कसं हे कुणी शिकवलंच नाही याबद्दल दोन्ही गावांची खात्री आहे. दर उन्हाळ्यात त्या दगडापाशी रस्सीखेच होते. कोणत्या वर्षी कोण जिंकलं हे आमच्याकडे लोकांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त पक्कं आठवतं.

ग्लेंडाने आयुष्यभर गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं. गावातल्या अर्ध्याअधिक लोकांनी लहानपणी तिच्या हातचं कस्टर्ड खाल्लं होतं आणि ताटात गाजर टाकल्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. शाळा बंद झाली तेव्हा निरोपाची सँडविचं तिनेच केली. पोस्ट बंद झालं तेव्हाही तिनेच. 'प्लाउ' नावाचा पब बंद झाला तेव्हाही. स्लेथॉर्पची रीतच तशी. काही बंद पडलं की मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, हॅमची सँडविचं खायची, 'वाईट झालं' म्हणायचं, कुणाला तरी भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. भांडण नाही, तंटा नाही. आजारी माणूस अजून श्वास घेतोय का हे न बघताच हे गाव फुलांची ऑर्डर देऊन टाकतं, असं ग्लेंडाला वाटे आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. सँडविचं ती करायची खरी, पण त्यातलं एकही तिने कधी तोंडात घातलं नव्हतं.

मग मासे-चिप्सचं दुकान चालवणाऱ्या डेरेक म्हाताऱ्याने ते सोडायचं ठरवलं. गुडघे गेले होते, मुलगी समुद्राकाठी बोलावत होती. लीड्सचा कुणी एक गृहस्थ त्या जागेत सुट्टीचं घर करणार होता. गावात दुकान म्हणून उरलेलं ते एवढं एकच. त्या शुक्रवारी रांगेत ग्लेंडाच्या मागे क्लाइव्ह मर्गट्रॉइड उभा होता. हा निवृत्त पोस्टमन, आणि गावातली प्रत्येक तक्रार हा अजूनही घरपोच पोचवतो.

"वाईट झालं," क्लाइव्ह म्हणाला. "सँडविचं तूच करशील ना, ग्लेंडा?"

"नाही."

"मग कोण करणार?"

"कोणी नाही. या वेळी काही बंदच होणार नाही."

बोलून गेली आणि मग घरी जाऊन तिला घाम फुटला. दुसऱ्या दिवशी ती सफिया महमूदकडे गेली. सफियाचं औषधांचं दुकान खालच्या मोठ्या गावात, पण घर स्लेथॉर्पात, आणि कायद्याची कागदपत्रं वाचतानाही तिला झोप येत नाही अशी तिची ख्याती. शाळेच्या सवयीने ती अजून ग्लेंडाला 'मिसेस अक्रॉइड' म्हणायची.

"लोकहिताची कंपनी काढता येते, मिसेस अक्रॉइड," सफिया म्हणाली. "धंदा करायचा, पगार द्यायचे, सगळं करायचं. पण नफा कुणाच्या खिशात जायचा नाही, गावाच्याच कामी यायचा. आणि कंपनीच्या मालकीचं जे होईल त्याला कायद्याचं कुलूप. विकून वाटून खायचं नाही. कधीच नाही."

"म्हणजे मालक कोण?" क्लाइव्हने विचारलं. त्याला ग्लेंडाने ओढूनच आणलं होतं.

"तसा कोणीच नाही."

"मग लोकांनी शिव्या कुणाला घालायच्या?"

"तुला," ग्लेंडा म्हणाली. "तू संचालक आहेस."

चिप्स तळण्यात लोकहित काय, हे सरकारी नियामकाला पटवून द्यायचं होतं. ग्लेंडाने सांगितलं ते सफियाने लिहून काढलं. बायको गेल्यावर तीन म्हातारे रोज कोरडा ब्रेड खातात, त्यांना दुपारचं गरम जेवण. माळावरच्या शेतांवर घरपोच डबे. कामाला लागू पाहणाऱ्या पोरापोरींना शिकायला एक जागा. आणि हिवाळ्यात चार माणसांनी एका उबदार खोलीत उभं राहून हवेला नावं ठेवायची, त्यालाही काही किंमत आहे की नाही? हे शेवटचं सफियाने जरा सभ्य भाषेत लिहिलं.

डेरेक थोडं थांबायला तयार झाला. गावाने वाटाण्याच्या आणि मांस भरलेल्या 'पाय'च्या पंगती घातल्या, ब्रास बँड चौकाचौकांत वाजला, एक-दोन विश्वस्त निधींनी हात दिला आणि जागेपुरते पैसे उभे राहिले. कंपनीची घटना लिहायला तिघं संचालक बसले तेव्हा एक कलम उरलं होतं. कंपनी बंद पडलीच, तर सगळी मालमत्ता अशाच कुलूपवाल्या दुसऱ्या संस्थेला जाणार. ती कोणती?

"आपला बँड," क्लाइव्ह म्हणाला. "बँड धर्मादाय आहे. प्रश्नच नाही."

ग्लेंडाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. दुकान बंद होतंय, बँड हळू चालीत वाजतोय, सगळे डोळे पुसतायत, 'चला, बँडचं तरी भलं झालं' म्हणतायत आणि हॅम सँडविचाला हात घालतायत. वारस इतका गोड असला तर मरायला कुणाची ना असेल?

"क्लेगबॉटमचं समाजमंदिर," ती म्हणाली. "तेही धर्मादाय आहे."

सफियाने पेन खाली ठेवलं. क्लाइव्हचा चेहरा बिटासारखा झाला. मग सफिया हळूहळू हसायला लागली. दोन विरुद्ध एक मताने कलम मंजूर झालं.

क्लाइव्हने ते त्याच दिवशी घरोघर पोचवलं. पुढच्या गावसभेत तो उभा राहून म्हणाला, "तुझा बाप रस्सीखेचीत शेवटचा गडी असायचा, ग्लेंडा. दोर कमरेला बांधून. आज थडग्यात कूस बदलली असेल त्याने."

"बाबांनी दोर कधी सोडला नाही, मीही सोडत नाहीये," ग्लेंडा म्हणाली. "ज्याला दुकान क्लेगबॉटमला द्यायचं नसेल, त्याने ते बंद पडू देऊ नये. बास. अजून काही म्हणायचंय कुणाला?"

म्हणायचं पुष्कळांना होतं, पण शाळेत ज्या आवाजात गाजर संपवायला सांगितलं जायचं तोच आवाज होता.

दुकान चाललं, आणि झोकात चाललं. चरबी उत्तम, हॅडक ताजा, पिठाची कुरकुरीत चुरी पोरांना फुकट. तीन म्हातारे दुपारी खिडकीशी बसून जेवायचे आणि एकमेकांचं ऐकल्यासारखं करायचे. सफियाला हलाल नसलेल्या गाईच्या चरबीतलं चालत नाही, म्हणून ग्लेंडाने टोकाला तेलाची एक छोटी कढई लावून घेतली. क्लाइव्ह दोन दिवस घुश्शात होता.

"तेल? स्लेथॉर्पात? आता कॉडही आण म्हणजे झालं."

पण गंमत अशी की शुक्रवारी त्या छोट्या कढईवर गर्दी व्हायची. टोपी खाली ओढलेली, कुणाशी न बोलणारी, गाडी वळणापलीकडे लावून आलेली माणसं तेलातलंच मागायची. ती कुठली, हे ग्लेंडाला बरोबर ठाऊक होतं. ती दोन चिप्स जास्त घालायची आणि गप्प बसायची.

दुसऱ्या हिवाळ्यात भट्टीने राम म्हटला. डेरेकच्या वडिलांनी बसवलेली मासे तळायची भट्टी ती. दुरुस्तीवाल्याने आत डोकं घातलं, बाहेर काढलं आणि टोपी हातात घेतली. नवीन घ्यायची तर कंपनीकडे तेवढं नव्हतं. त्यात थंडीने गावातली फुकट राबणारी माणसंही पांगली होती. कुणाची कंबर, कुणाची सर्दी, कुणाचा नातू. दुकानाला टाळं लागलं आणि आठवड्याभरातच ग्लेंडाच्या कानावर तो जुना आवाज यायला लागला. वाईट झालं. छान चाललं होतं नाही?

ग्लेंडा घाबरली, अगदी मनापासून घाबरली. दुकान गेलं तर गावातली शेवटची वस्तू तिनेच स्वतःच्या हाताने पलीकडे देऊन टाकली, असं झालं असतं. मग स्लेथॉर्पात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि लोकांचं म्हणणं खोटंही नसतं. क्लाइव्हने सभा बोलावली, विषय एकच, पुढे काय. त्या दुपारी ग्लेंडाने टेकडीपलीकडे फोन लावला.

"मिस्टर एंटविसल? स्लेथॉर्पहून बोलतेय. आमचं दुकान मरायला टेकलंय. तुम्ही वारस आहात, येऊन बघून जा. आणि येताना मोजायची टेप आणा."

सभा थंड भट्टीपुढेच भरली. कोट घालून सगळे दाटीवाटीने उभे. क्लाइव्हने घसा साफ केला आणि निरोपाच्या सुरात सुरुवात केली. आपण प्रयत्न केला. कुणाला दोष नाही. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "सँडविचं कुठायत?"

"केली नाहीत," ग्लेंडा म्हणाली.

माणसं चुळबुळली. हाताला काम नाही, तोंडाला घास नाही, आता उभं तरी कसं राहायचं हेच कळेना. तेवढ्यात दार उघडलं आणि व्हर्नन एंटविसल आत आला. हा क्लेगबॉटमच्या समाजमंदिराचा अध्यक्ष, उंच, सडपातळ, वागायला फार सभ्य. त्याने बूट पुसले, टोपी काढली, सगळ्यांना 'चालू द्या तुमचं' म्हणाला आणि काउंटर मोजायला लागला.

काउंटर झाला, खिडकी झाली. टेपचा सर्रकन आवाज तेवढा दुकानात होत होता.

"काउंटर बसेल आमच्या हॉलमध्ये," तो स्वतःशीच म्हणाला. "भट्टी भंगारात जाईल. ती तेलाची कढई मात्र ठेवू. पाटी चांगल्या लाकडाची आहे, नाव खरवडून काढलं की झालं."

"टेप खाली ठेव," क्लाइव्ह म्हणाला.

"मी फक्त..."

"कळलं तू काय ते. खाली ठेव." क्लाइव्ह काउंटरपुढे आडवा उभा राहिला. "कीथलीला एक दुकान बंद होतंय. त्यांची भट्टी आठ-दहा वर्षांचीच आहे. कालच ऐकलं मी."

"ऐकलंस आणि सांगितलं नाहीस?" सफिया म्हणाली.

"आता सांगतोय ना."

मग मेंढपाळ स्टॅन म्हणाला, माझा ट्रेलर आहे. कुणाचा मेहुणा गॅसचं काम करायचा, तो फुकट येणार होता, त्याला विचारलेलं नसलं तरी. कंबर आणि सर्दीवाल्यांनी आपापले वार सांगितले. बँडने दर शनिवारी बाजारात वाजवायचं कबूल केलं. सगळ्यात शेवटी खिडकीतल्या तीन म्हाताऱ्यांपैकी विल्फ्रेड उठला.

"माझ्या दफनाचे पैसे बाजूला काढलेत, ते घ्या," तो म्हणाला. "दुकान पुन्हा उभं राहीपर्यंत मी थांबतो. मला घाई नाही."

व्हर्ननने टेप गुंडाळली, टोपी घातली आणि नमस्कार करून निघून गेला. जाताना ग्लेंडाकडे बघितलंही नाही.

वसंतात कीथलीच्या भट्टीत पहिली चरबी वितळली आणि वास चौकापर्यंत गेला. रांग पार चॅपेलच्या फाटकापर्यंत. क्लाइव्ह दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या परक्यांना सांगत होता, "हे आमचं. मालक कोणी नाही, सगळं आमचं." ग्लेंडा पीठ घोळता घोळता ते ऐकत होती. तिला अभिमान वाटत होता, अगदी ऊर भरून. आपला वाटत होताच, पण त्याहून जास्त त्या क्लाइव्हचा वाटत होता. मुळात विरुद्ध मत याच गृहस्थाचं होतं.

तेलाच्या कढईच्या रांगेत व्हर्नन उभा होता. या वेळी टोपी खाली ओढलेली नव्हती.

"एक सांगू का, बाई?" कागदाचं पुडकं घेत तो म्हणाला. "त्या दिवशी मी नाटक करायला आलो नव्हतो. मला खरंच न्यायचं होतं. आमच्याकडे काही उरलं नाही हो. पण हा क्लाइव्ह 'टेप खाली ठेव' म्हणाला, तेव्हा घरी जाताना मी सगळी टेकडी हेव्याने जळत उतरलो. आमची माणसं असं बोलली नसती."

"काय केलं असतं त्यांनी?"

"सँडविचं. आमचा पब बंद होतोय. घड्याळसुद्धा आणून ठेवलंय."

ग्लेंडाने झारा बाजूला ठेवला. "सफियाला घेऊन रविवारी येते," ती म्हणाली.

लोकहित, संचालक, कुलूप, सगळं पुन्हा एकदा झालं, या वेळी टेकडीच्या चुकीच्या बाजूला. क्लाइव्हही आला, केवळ नजर ठेवायला. शेवटी ते कलम आलं. बंद पडल्यास मालमत्ता कोणाला? व्हर्नन मान खाली घालून लिहीत होता, आणि न थांबता त्याने लिहिलं, स्लेथॉर्पचं मासे-चिप्सचं दुकान.

क्लाइव्हने ते उलट्या बाजूने वाचलं, दोनदा वाचलं, आणि रुमाल काढून नाक शिंकरलं.

पब नव्याने उघडला त्या दुपारी ग्लेंडा परात घेऊन टेकडीपलीकडे गेली. हॅमची सँडविचं, कडा कापलेली. अशी सँडविचं तिने कशाच्या उघडण्यासाठी आजवर केलीच नव्हती, आणि मोहरी जास्त तर झाली नाही ना, याची तिला उगीचच धाकधूक होती. परात टेबलावर ठेवते न ठेवते तोच क्लेगबॉटमची एक ठसठशीत बाई कमरेवर हात ठेवून समोर आली.

"तूच ना ती स्लेथॉर्पची? आमचा पब बंद पडला तर तुमच्या घशात जाणार म्हणे."

"हो."

"मग कान उघडे ठेवून ऐक. आम्ही मेलो तरी बंद पडू देणार नाही."

"ठीक आहे," ग्लेंडा म्हणाली, आणि परातीतलं एक सँडविच उचलून तिने स्वतः खाल्लं.