खुर्चीत समाविष्ट

मी चार्जर बोलतोय. मोबाईलचा नव्हे, तसं समजणाऱ्याशी मी बोलत नाही. मी विजेच्या व्हीलचेअरचा. विटेएवढा, काळा, जड. पोटात पंखा आहे, कामाला लागलो की घुमतो.

कुवेतमधल्या हवल्लीत तिसऱ्या मजल्यावर हफिजाबींची खुर्ची माझ्या जिवावर चालते. बाई रत्नागिरीकडच्या. गुडघे गेले, जीभ शाबूत. रोज दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की लिफ्टने उतरायचं आणि गल्लीच्या टोकाला बिल्कीसच्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसायचं, हा त्यांचा नेम. कुणी ढकलत नेलेलं चालत नाही. "मी काय भाजीची गाडी आहे?" असं त्यांनी मुलाला, सर्फराजला, एकदा विचारून ठेवलंय.

इथल्या आपल्या घरांत एक खोका कायम कोपऱ्यात उघडा असतो, गावी पाठवायचा. दूध पावडर, साबण, ब्लँकेटं... महिनोन्‌महिने भरत राहतो. घरात जे कुठेच बसत नाही, ते "गावाला कामाला येईल" म्हणून त्यात जातं. एका शुक्रवारी पाहुणे यायचे होते. सून शाझियाने पसारा आवरायला सांगितला. शुऐबा बंदराजवळच्या कारखान्यात अगडबंब यंत्रं सांभाळणाऱ्या सर्फराजला जमिनीवर वायर दिसली. त्याने मला गुंडाळलं, खोक्यात टाकलं, वर ब्लँकेट दाबलं आणि विसरला. हुशार माणूस.

मग घरभर शोध, खोका सोडून. मी आतून सगळं ऐकत होतो, पण विजेशिवाय मला आवाज नाही. खुर्ची बंद पडली. हफिजाबी घरात अडकल्या. बिल्कीस भेटायला आली, तर बाईंनी झोपेचं सोंग घेतलं. ते घोरणं खोटं होतं, मला खोक्यातूनही कळलं.

खुर्ची विकणाऱ्या कंपनीचा एजंट म्हणाला, सुटा चार्जर बाहेरून मागवावा लागेल, आधी विम्याची मंजुरी आणा. तिथून माझी कीर्ती वाढली. बिलात प्रत्येक वस्तूला कोड असतो, आणि तुम्ही कोण आहात ते तो कोड ठरवतो. पहिल्यांदा एजंटने मला मोबाईल चार्जरचा कोड लावला. नामंजूर. शोभलंच. दुसऱ्यांदा माझा खरा कोड लागला. उत्तर आलं: चार्जर खुर्चीच्या कोडातच समाविष्ट आहे, वेगळं बिल होणार नाही. म्हणजे मी खुर्चीतच होतो! बाई दिवसभर त्याच खुर्चीत बसून होत्या, त्यांना कसा टोचलो नाही कोण जाणे. सर्फराजने तक्रार ठोकली.

खोका बंद करायचा दिवस आला. वरचा थर हफिजाबींनीच लावायचा, हा घरचा कायदा. शाझियाने खुर्ची ढकलत खोक्यापाशी नेली. अगदी भाजीच्या गाडीसारखी. तेच मला जास्त लागलं. पिस्त्यांना जागा करायला त्यांनी ब्लँकेट उचललं आणि त्यांची बोटं माझ्यावर पडली.

"सर्फराज, मलापण ह्यातच घाल. गावाला कामाला येईन."

सर्फराज मान खाली घालून पिस्ते निवडू लागला. ते निवडलेलेच होते.

त्याच आठवड्यात तक्रारीचा निकाल लागला. चार्जरचं वेगळं बिल होत नाही, म्हणून अख्खी नवी खुर्ची मंजूर, चार्जरसकट! सर्फराजची नजर लगेच खोक्याकडे गेली, जुनी खुर्ची गावाला कामाला येईल! हफिजाबींनी मला मांडीवर घेतलं आणि त्याला गाडी काढायला लावून कुवेत सिटीत विमा कंपनीचं ऑफिस गाठलं. क्लेमच्या टेबलाशी पुण्याचा शैलेश होता. त्याच्या कागदांवर त्यांनी मला आदळलं.

"लिही, सापडला. खुर्ची नको."

"मावशी, सापडल्याला कोड नाही."

"मग हरवल्याला होता?"

शैलेशने विचार केला. "तोही नव्हता," तो म्हणाला.

तेव्हा कागदोपत्री मी अजून खुर्चीत समाविष्ट आहे. नवी खुर्ची बाईंनी नाकारली. नाकारण्यालाही कोड नाही, म्हणून ती अजून मंजूरच आहे. मी मात्र भिंतीपाशी घुमतोय. असरच्या आत बॅटरी भरली पाहिजे, बिल्कीस वाट बघत असेल. तुमच्याही घरात असा खोका असेल, तर एक करा: वायर उचलण्याआधी तिच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय, ते बघा.