नोझुकोच्या कपाळावरचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे, बायकांनी डोक्याला बांधायचा. कधीकाळी निळा होतो. साळसूदपणाचा आव मी आणणार नाही. माझ्या आडोशापायी एक बाई मरायला टेकली होती.

गिरणीत विणलो गेलो. दक्षिण आफ्रिकेतल्या म्थाथा गावच्या बाजारात मामतोलोने मला निवडलं आणि लग्नात सुनेच्या, नोझुकोच्या डोक्याला स्वतःच्या हातांनी बांधलं. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोकं उघडं ठेवत नाही. रुमाल भुवयांपर्यंत हवा. "कशी घरंदाज दिसते!" शेजारणी म्हणाल्या. मी फुगलो. तारीफ कोणाला नको?

नोझुकोला एचआयव्ही होता. दूर खाणीवर काम करणाऱ्या नवऱ्याला ते ठाऊक होतं, सासरी कोणाला नाही. गोळ्यांची बाटली खुळखुळू नये म्हणून ती तिच्यात कापूस कोंबायची. घरात माणसं असली की गोळी चुकवायची. घरात माणसं कायमच असत. शेवटी गोळ्या सुटल्याच.

मग कपाळाच्या डाव्या बाजूला नागीण उठली. तरण्या माणसाला नागीण झाली की गावात लगेच एचआयव्हीची कुजबुज सुरू होते. तिने मला आणखी खाली ओढलं. फोड पिकले, सुकले, खड्डे उरले. ते फक्त मी पाहिले.

दोन महिन्यांनी लापशी ढवळताना तिच्या उजव्या हातातून पळी गळाली. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. इस्पितळासाठी पिशवी भरताना मामतोलोला कापूस कोंबलेली बाटली सापडली. ती तिने सरळ इस्पितळातल्या डॉक्टर म्योलींच्या हातात ठेवली.

डॉक्टर तरुण, आमच्याच भागातले. त्यांनी विचारलं, "हिला मध्यंतरी नागीण झाली होती?"

"छे!" सासरा म्हणाला.

डॉक्टरांनी माझ्याकडे हात नेला. म्हातारा खाकरला. हात मागे गेला. "माफ करा, बाबा."

काय म्हणावं? एवढं शिकून आलेला माणूस एका खाकरण्याला भ्याला! मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा उजवा पायही हलेना.

"मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजल्यात," डॉक्टर म्हणाले. "पण कशानं ते कळत नाही. टीबी असेल तर औषध वेगळं, दुसरं काही असेल तर वेगळं. आणि वेळ थोडा आहे."

मामतोलो उठली. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बाहेर व्हा."

"अगं, पण रीत..."

"रीत काय हिला चालवणार आहे? घ्या ती टोपी अन् निघा!" मग ती डॉक्टरांकडे वळली. "आणि तुम्ही डॉक्टर आहात की नवे जावई? लाजताय कसले?"

तिने माझी गाठ सोडली.

"आई, हेच ते!" डॉक्टर खाली वाकून बघत म्हणाले. "नागिणीचा विषाणू नसेच्या वाटेनं वर चढतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या सुजवतो. क्वचितच होतं. पण एचआयव्हीनं अंगातली ताकद गेली असली की होऊ शकतं. याला औषध आहे."

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. संशय खरा ठरला. दोन आठवडे शिरेतून औषध, सुरुवातीचे काही दिवस सूज उतरवणाऱ्या गोळ्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या नव्याने.

मामतोलोने त्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं. "मला सांगायचं नाहीस, पोरी? मी काय तुला खाल्लं असतं?" नोझुकोला उत्तर देता येत नव्हतं. डोळे मात्र वाहत होते.

मी उशाशी घडी होऊन पडलो होतो. कोणी ढुंकून पाहिलं नाही. बरंच झालं.

तिसऱ्या आठवड्यात पायाने भार घेतला. हात अजून जड आहे, पण ती घरी आली. पहिल्याच संध्याकाळी आठ वाजता सासरा रेडिओ ऐकत बसला होता. त्याच्यादेखत ती मोठ्याने म्हणाली, "गो... गोळी."

म्हातारा गुडघे धरत उठला आणि पाण्याचा पेला घेऊन आला. "घे, सूनबाई. अन् रोज अशीच हाक मार. मला मेल्याला वेळेचं भान राहत नाही."

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी कापड आहे. फाटलो तर पुसायला घ्या. पण अंगावर काही उठलं तर दाखवा. गोळी असेल तर सगळ्यांसमोर घ्या. आणि कोणी दाखवलं तर नाक मुरडू नका. माणूस लपवतो तो कोणाच्या तरी नजरेला भिऊन. ती नजर तुमची नसू दे.