मास्तरांचा घास

मास्तरांनी पान टाकलं, तेव्हा वहिनींना आधी आपल्याच स्वयंपाकाची शंका आली. मटण नीट शिजलं नव्हतं की काय? त्यांनी हळूच आपल्या ताटातला तुकडा बोटाने दाबून पाहिला. लोण्यासारखा मऊ होता.

पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवण्यात ज्यांची उभी हयात गेली, ते मास्तर वहिनींच्या नवऱ्याचे बालमित्र. बायको गेल्यापासून एकटेच राहत. वहिनींचं फोटोफ्रेमचं दुकान होतं आणि दुकानावरच्या मजल्यावर घर. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या वकीलबाई धरून ही चौकडी दर बुधवारी कुणा एकाकडे जेवायला जमायची. पाहुणे आले म्हणून खास काही करायचं नाही, घरात जे रोजचं शिजतं तेच वाढायचं, असा दंडक होता. महिन्यातून एकदा मात्र बाहेर हॉटेलात. तिथे काय मागवायचं हे ठरवताना मास्तर असे रंगात यायचे, की वेटर वही खिशात घालून ऐकत उभा राहायचा.

तेच मास्तर आता एकेक घास कितीतरी वेळ चघळत होते आणि वर पाण्याचा घोट घेत होते. पुढच्या बुधवारी वकीलबाईंकडेही तेच. बाईंनी भाताबरोबर मासा केला होता. मास्तरांनी काटे निवडण्यातच वेळ काढला. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली होती. वहिनींनी घरी आल्यावर नवऱ्याजवळ विषय काढला, तर तो म्हणाला, वय झालं की भूक कमी होते, तू उगाच मनाला लावून घेतेस. तो दोन मिनिटांत घोरायला लागला. वहिनी मात्र कूस बदलत राहिल्या.

मग हॉटेलची पाळी आली. मास्तरांनी मेनूकार्ड उघडलंसुद्धा नाही. दाढ दुखतेय म्हणाले आणि नुसतं सूप मागवलं. नवरा आणि वकीलबाई मासा तळलेला चांगला की भाजलेला यावर हमरीतुमरीवर आले होते. मास्तरांनी बोलता बोलता पावाचा एक तुकडा सुपात बुडवून तोंडात टाकला. त्यांचा चेहरा ताठ झाला. खुर्ची सरकवून ते मुकाट्याने उठले आणि हात धुवायच्या जागेकडे गेले.

वहिनीही उठल्या. मास्तर बेसिनची कड घट्ट धरून वाकले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून लाळेची तार लोंबत होती. त्या कुणाला तरी हाक मारणार, तोच मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. बऱ्याच वेळाने तो तुकडा खाली उतरला.

"दाढ नाही ना दुखत?" वहिनींनी विचारलं.

मास्तरांनी तोंड पुसलं. "चार-सहा महिने झाले. आधी मटण अडकायचं, आता पावसुद्धा अडकतो. वडिलांचं असंच सुरू झालं होतं, वहिनी. पुढचं मला ठाऊक आहे. कुणाला सांगू नका, तुम्हाला शपथ आहे."

वहिनींनी मान डोलावली खरी, पण टेबलाशी परतल्यावर त्यांच्याच घशाखाली घास उतरेना. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं, तर त्यांनी जागरणावर ढकललं. त्यानंतरचे दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोची काच त्यांनी दोनदा चुकीच्या मापाची कापली. फोन वाजला की हातातलं काम टाकून त्या धावायच्या. आपण गप्प बसलो आणि उद्या मास्तर एकट्याने जेवताना गुदमरले, तर?

पुढचा बुधवार मास्तरांकडे होता. त्यांनी कोंबडीचा रस्सा केला होता, भात मोकळा झाला होता, भाजीवर तूप चमकत होतं. ताटं मात्र तीनच मांडलेली. चव बघता बघता पोट भरलं, असं म्हणून ते हसले. पाण्याची बाटली काढायला वहिनींनी फ्रिज उघडला. आत दूध, ताक आणि कुस्करलेल्या केळ्याची वाटी. बाकी काही नाही.

त्या तशाच बाहेर आल्या आणि उभ्या उभ्याच सगळं बोलून गेल्या. वकीलबाईंनी उचललेला घास परत ताटात ठेवला.

मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी एकेक भांडं झाकलं. "तुमच्यावर विसंबलो, वहिनी. चुकलं माझं," एवढंच म्हणाले आणि आतल्या खोलीत गेले. तिघं अर्धपोटी उठली.

मग मास्तर कुणाचाच फोन उचलेनात. नवरा तलावावर जाऊन आला, तर त्याच्याशी ते पाण्याच्या पंपाबद्दलच बोलत राहिले. वहिनींना वाटलं, माणूसही गेला आणि उपयोगही झाला नाही.

एका सकाळी दुकानात फोन आला. मास्तर होते. "हॉस्पिटलच्या दारात उभा आहे," ते म्हणाले. "आत जायला पाय उचलत नाहीये."

वहिनींनी हातातला चिकटपट्टीचा रोल तिथेच टाकला आणि शटर ओढलं.

नळी घालून तपासणी होईपर्यंत त्या बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, की वर्षानुवर्षांच्या पित्ताने अन्ननलिका एका जागी आवळली आहे, ती थोडी रुंद केली आहे. तिथला छोटा तुकडा काढलाय, तो मात्र तपासायला पाठवावा लागेल. त्या 'मात्र'ने वहिनींची पाचावर धारण बसली. रिपोर्ट येईस्तोवर चौघंही रोज कुणा ना कुणाकडे एकत्र बसत, कण्या किंवा सूप घेत आणि भलतंच काहीतरी बोलत.

रिपोर्ट चांगला आला. मास्तरांनी तो वकीलबाईंकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतला. वाईट काही नव्हतं. गोळ्या कायमच्या, आणि अन्ननलिका पुन्हा आवळली तर पुन्हा यायचं.

बुधवारी वहिनींकडे मऊ भात आणि गाजर-बटाट्याचा रस्सा होता. मास्तरांनी पहिला घास घेतला, तशा तिघांच्या नजरा त्यांच्या गळ्यावर खिळल्या. दुसऱ्या घासालाही तेच. तिसऱ्याला त्यांनी चमचा खाली ठेवला.

"हे बघा, मला एकट्याला जेवायची भीती वाटते म्हणून मी इथे येतो. तुम्ही असे बघत बसलात, तर ती आणखी वाढते."

वकीलबाई ओशाळून ताटात बघू लागल्या. नवऱ्याने तलावाच्या पंपाचं काय झालं, असं विचारलं. मास्तर सांगू लागले, सांगता सांगता खाऊ लागले. मधेच त्यांना ठसका लागला. कुणी मान वर केली नाही. वहिनींनी टेबलाखाली नवऱ्याचा गुडघा घट्ट धरला. ठसका थांबला, मास्तर पाणी प्यायले आणि पंपाची गोष्ट पुढे सुरू झाली. तेव्हा कुठे वहिनींनी आपल्या भातात चमचा घातला.