शकुबाईचा अंगठा

शकुबाईंनी खाट धरली त्याला बावीस दिवस झाले होते. ताप नाही, खोकला नाही. लेक दिव्यानी चंद्रपूरच्या एका लॅबमध्ये कामाला. तिने आईचं रक्त स्वतः तपासलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सगळं ठीक. आई मात्र दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करायची.

शेवटी गाऊन आजारी माणूस उठवणारे लच्छूभाऊ ढोल घेऊन आले. त्यांच्या गाण्याची रीत अशी, की ते एकेका देवाची चाल धरतात, मागून साथीची झील उठते, माणसं खाटेभोवती नाचतात आणि सगळ्यांचं लक्ष आजारी माणसाच्या पायाच्या अंगठ्याकडे असतं. ज्या चालीला अंगठा हलेल, ती चाल माणूस उठेपर्यंत सोडायची नाही.

तीस वर्षं ही झील शकुबाईच द्यायच्या. उन्हाळ्यात त्यांचे गुडघे सुजले, तेव्हा आईची पायपीट वाचावी म्हणून दिव्यानीनेच तिचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि लच्छूभाऊंना स्पीकर आणून दिला. तेव्हापासून गावोगाव स्पीकरच जात होता.

आताही तोच ओट्यावर ठेवला होता. पाच चाली झाल्या, अंगठा ढिम्म. शेजारच्या बुधरीने हळूच तळव्याला गुदगुल्या करून पाहिल्या. लच्छूभाऊंनी डोळे वटारले.

सहाव्या चालीला ते रंगात आले. नदीचं नाव घेऊन झालं, मग एकेक नाला निघाला, कडवं लांबतच गेलं. स्पीकर ठरल्या वेळी मधेच गायला लागला. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले.

अंगठा हलला. मग दुसराही. शकुबाई उठून बसल्या आणि स्पीकरला म्हणाल्या, "त्याचं कडवं सरलं नाई अजून. तुले घाई काऊन?"

दिव्यानीने स्पीकर बंद केला. उरलेले नाले संपेपर्यंत शकुबाई थांबल्या, मग बसूनच झील दिली. आवाज खरखरत होता. तिसऱ्या कडव्याला त्या बुधरीचा खांदा धरून फेरात होत्या.

नंतर दिव्यानीने नाडी मोजली. एकशे आठ. नाचल्यावर तेवढी होणारच. तिने गुडघ्यांचा विषय काढला.

"गळा का गुडघ्यात रायते?" असं म्हणून आईने भात वाढायला सांगितलं.

सहावी चाल कोणत्या देवाची, ते लच्छूभाऊंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मंगळवारी ते मोटारसायकल घेऊन दारात आले, आणि शकुबाई ढोल मांडीवर घेऊन मागे बसल्या.